दोन मीटरचा हिशोब: खिशातल्या वाइड-अँगल फिल्म कॅमेऱ्याने फोटो काढताना

रोल धुऊन आला की पॉइंट-अँड-शूट कॅमेऱ्याबद्दलच्या तक्रारी ठरलेल्या असतात. माणसं फारच लहान आली. चेहरा धूसर आणि मागची भिंत मात्र लख्ख. घाटावरचा सकाळचा फोटो काळवंडलेला, संध्याकाळच्या फोटोत पुढचा माणूस पांढराफटक आणि मागे मिट्ट अंधार. यातली एकही तक्रार बहुधा लेन्सची नसते. कॅमेऱ्याने आपलं काम त्याच्या नियमाप्रमाणे चोख केलेलं असतं. तो नियम बटण दाबणाऱ्याला माहीत नसतो, एवढंच. एकदा नियम कळले की कॅमेऱ्याला कुठे मोकळं सोडायचं आणि कुठे अडवायचं ते आपोआप समजतं.

आधी कॅमेऱ्यांची ओळख. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच छोट्या फिल्म कॅमेऱ्यांना ३५ एमएमच्या आसपासची लेन्स असते (हा आकडा जितका लहान, तितकं दृश्य रुंद). ऑलिंपस म्यू-२ हे त्यातलं सगळ्यांना माहीत असलेलं नाव. खऱ्या अर्थाने वाइड म्हणावेत असे कॅमेरे थोडे: निकॉन २८टीआय (१९९४), फुजीचा टियारा, मिनोल्टा टीसी-१ (१९९६) आणि रिको जीआर१ (१९९६). या सगळ्यांची लेन्स २८ एमएम. रिकोने पुढे २००१ मध्ये २१ एमएमचा जीआर२१ काढला, पण तो दुर्मीळ आणि महाग. स्वस्त टोकाला विविटारचा अल्ट्रा वाइड अँड स्लिम आणि त्याच धर्तीवरचे आजचे नवे प्लास्टिक कॅमेरे आहेत. त्यांत २२ एमएमची लेन्स, अॅपर्चर (उजेड आत घेणारं भोक; एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान) कायम एफ/११, शटर कायम १/१२५ सेकंद आणि फोकसही कायम. इथून पुढचा हिशोब प्रामुख्याने २८ एमएमचा आहे.

२८ एमएम म्हणजे किती रुंद? फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटरची असते, त्यामुळे साधं त्रैराशिक पुरतं: अंतराला ३६ ने गुणा, २८ ने भागा. समोरचा माणूस दोन मीटरवर असेल तर त्याच्या जागी फ्रेमची रुंदी सुमारे २.६ मीटर आणि उंची १.७ मीटर येते. म्हणजे आडव्या फ्रेममध्ये उभा माणूस जेमतेम बसतो. तीन मीटरवर रुंदी ३.९ मीटर होते. जुन्या नाशकातल्या तीन मीटर रुंदीच्या बोळात एका भिंतीला पाठ टेकून उभं राहिलात, तर समोरच्या वाड्याचा दरवाजा, दोन्हीकडचे ओटे आणि दारातला माणूस एका फ्रेममध्ये येतात. त्याच जागेवरून ५० एमएमच्या लेन्समध्ये फक्त २.२ मीटर रुंदी मिळते, म्हणजे निम्मा वाडा कापला जातो. अशा गल्ल्यांसाठी २८ सारखी दुसरी लेन्स नाही.

पण ज्या गुणाने वाडा मावतो त्याच गुणाने माणूस लहान होतो. फोनवर झूम करायची सवय असलेला माणूस चार-पाच मीटरवरून फोटो घेतो, आणि प्रिंटमध्ये चेहरा हरभऱ्याएवढा येतो. यावर उपाय एकच, जवळ जाणं. रस्त्यावरच्या आणि घरगुती फोटोंसाठी दोन मीटर हे या लेन्सचं नैसर्गिक अंतर आहे. ते नजरेत बसवायला टेप लागत नाही. आपल्या जुन्या मापाने एक हात म्हणजे दीड फूट, तेव्हा दोन मीटर म्हणजे साधारण साडेचार हात. घरात जमिनीवर दोन खुणा करा आणि आठवडाभर येता-जाता त्यांच्याकडे बघा. नंतर सराफ बाजारातल्या फुलवाल्यासमोर उभं राहताना पाय आपोआप त्या अंतरावर थांबतात.

जवळ गेल्यावर कोपरे सांभाळायचे. वाइड लेन्स फ्रेमच्या कडेला असलेली वस्तू बाहेरच्या बाजूला ताणते. हा लेन्समधला दोष नाही. रुंद दृश्य सपाट फिल्मवर उतरवायचं म्हटलं की ते होणारच. म्हणून घरच्या कार्यात आठ जणांचा ग्रुप तीन मीटरवरून घेतला, तर कडेच्या दोघांचे चेहरे आणि दंड रुंद दिसतात. एक पाऊल मागे जाऊन चार मीटरवरून घ्या. रुंदी पाच मीटर मिळते आणि दोन्ही बाजूंना अर्धा-पाऊण मीटर मोकळा राहतो. तिथे खांब, पडदा, काहीही ताणलं गेलं तरी कुणाच्या डोळ्यांत येत नाही.

उंच वास्तूंचा प्रश्न वेगळा आहे. देवळाचं शिखर मावावं म्हणून कॅमेरा वर वाकवला की शिखर मागे पडल्यासारखं दिसतं. कॅमेरा सरळ धरूनच शिखर हवं असेल तर अंतर आधी काढता येतं. उभ्या फ्रेममध्ये मध्यरेषेच्या वर १८ मिलिमीटर मिळतात. वीस मीटर उंच शिखर, डोळ्याची पातळी दीड मीटर, म्हणजे वरचा भाग साडेअठरा मीटर. तो मावायला सुमारे २९ मीटर दूर जावं लागतं. काळाराम मंदिराचं प्रशस्त पटांगण अशा वेळी उपयोगी पडतं. अर्थात सरळ धरलेल्या कॅमेऱ्यात खालचा निम्मा भाग नुसती फरशी असते, म्हणून त्या भागात कुणीतरी चालत येईपर्यंत थांबावं. जिथे मागे सरकायला जागाच नाही तिथे वाकवून घ्या, पण मग पुरेसं वाकवा. थोडंसं वाकलेलं चूक वाटतं, मुद्दाम वाकवलेलं पटतं.

आता फोकस. इथेच सगळ्यात जास्त फोटो वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

कॅमेऱ्याच्या खिडकीतून (व्ह्यूफाइंडरमधून) पाहिल्यावर मधोमध एक छोटी खूण दिसते. कॅमेरा अंतर मोजतो ते त्या खुणेखालच्या वस्तूचं, बाकी फ्रेमशी त्याला देणंघेणं नसतं. दोन मैत्रिणी शेजारी उभ्या आहेत आणि खूण दोघींच्या मधल्या फटीत पडली, तर कॅमेरा मागचं झाड किंवा भिंत मोजतो. धूसर चेहरा आणि लख्ख भिंत ती हीच. करायचं असं: खूण एकीच्या चेहऱ्यावर ठेवा, बटण अर्धवट दाबा, हिरवा दिवा स्थिर झाला की बोट तसंच ठेवून फ्रेम हवी तशी वळवा आणि मग पूर्ण दाबा. दिवा लुकलुकत असेल तर कॅमेऱ्याला अंतर सापडलेलं नाही किंवा तुम्ही फारच जवळ आहात. जीआर१ किमान ३५ सेंटिमीटरपर्यंत जातो, बाकीच्यांची मर्यादा वेगळी असते, ती माहितीपुस्तिकेत बघून ठेवावी.

अंतर मोजायच्या दोन पद्धती आहेत. काही कॅमेरे अदृश्य इन्फ्रारेड किरण सोडतात आणि परत आलेल्या किरणाच्या कोनावरून अंतर काढतात. हे अंधारातही चालतात, पण काचेपुढे फसतात. एसटीच्या बंद खिडकीतून घेतलेल्या फोटोत समोरचा डोंगर धूसर येतो तो यामुळे, कारण किरण काचेवरूनच परत फिरतो. अशा वेळी डोंगराची खूण असलेला इन्फिनिटी मोड लावावा. दुसऱ्या पद्धतीचे कॅमेरे दृश्यातल्या उजेड-अंधाराच्या रेषा जुळवून अंतर काढतात. ते काचेला सहसा फसत नाहीत, पण चुन्याची कोरी भिंत किंवा अंधारा कोनाडा पुढे आला की अडखळतात. तेव्हा तेवढ्याच अंतरावरची एखादी स्पष्ट कड शोधायची, तिच्यावर अर्धवट दाबून कुलूप लावायचं आणि फ्रेम वळवायची.

वाइड लेन्सचा खरा फायदा असा की बऱ्याचदा फोकसची चिंताच उरत नाही. अॅपर्चर एफ/८ असताना २८ एमएमची लेन्स दोन मीटरवर लावली, तर सुमारे सव्वा मीटरपासून पाच मीटरपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. हीच लेन्स ३.३ मीटरवर लावली तर १.६ मीटरपासून क्षितिजापर्यंत. रिको जीआर१ मधला स्नॅप मोड याच गणितावर उभा आहे. फोकस दोन मीटरवर कायम राहतो, कॅमेरा अंतर मोजण्यात वेळ घालवत नाही आणि बटण दाबल्याबरोबर शटर उडतं. जपानी छायाचित्रकार दायदो मोरियामा यांनी रस्त्यावरच्या कामासाठी जीआर१ वापरला, त्यामागे ही चपळाई आहे. गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारात, माणसं सतत हलत असताना, स्नॅप मोड आणि नजरेत बसलेले साडेचार हात एवढं भांडवल पुरतं.

मात्र हे भर उजेडातलं गणित. सावलीत अॅपर्चर एफ/२.८ वर उघडलं की दोन मीटरच्या फोकसला स्पष्टतेचा पट्टा १.६५ ते २.५५ मीटर एवढाच उरतो. जेमतेम एक पाऊल. संध्याकाळी मेनरोडला स्नॅप मोड लावून फिरणाऱ्यांचे फोटो मऊ येतात ते म्हणूनच. उजेड उतरला की ऑटोफोकसवर परत या, किंवा अंतर काटेकोर पाळा.

उजेड मोजणं

कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर दृश्याची सरासरी काढतं आणि सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतं. २८ एमएममध्ये आकाश फार येतं, आणि आकाश भगभगीत असतं. मीटर त्याला भुलून उजेड कमी घेतं आणि खालची माणसं काळी पडतात. रामकुंडावर हे हमखास होतं. गोदावरी तिथे दक्षिणेकडे वळते आणि पंचवटी पूर्वेच्या काठावर आहे. सकाळी नाशिकच्या बाजूने पंचवटीकडे कॅमेरा रोखला की सूर्य थेट समोर. तेव्हा कॅमेरा थोडा खाली करा, फ्रेममध्ये घाट आणि पायऱ्या भरू द्या, अर्धवट दाबा आणि मग वर या. बहुतेक कॅमेऱ्यांत अर्धवट दाबल्यावर फोकसबरोबर उजेडाचं मापही अडकतं. म्हणून खाली करताना पायाजवळची फरशी नको, विषय जेवढा दूर आहे तेवढ्याच अंतरावरची पायरी निवडा. निकॉन २८टीआयसारख्या कॅमेऱ्यात उजेड वाढवायची सोय असेल तर दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) वाढवणं त्याहून सरळ. नाहीतर सकाळी पंचवटीच्या काठावर उभं राहा, ऊन पाठीमागून येईल.

काळ्या दगडाच्या देवळात उलटं होतं. मीटरला वाटतं उजेड कमी आहे, म्हणून ते जास्त घेतं आणि काळा दगड राखाडी होतो. रंगीत निगेटिव्ह फिल्मवर याने फारसं बिघडत नाही, कारण ती दोन स्टॉप जास्तीचा उजेड सहज पचवते आणि प्रिंट किंवा स्कॅन करताना दगड पुन्हा गडद करता येतो. एक स्टॉप कमी पडला मात्र, की सावल्या चिखलासारख्या होतात आणि दाणा वर येतो. म्हणूनच या कॅमेऱ्यांत निगेटिव्हच भरावी, स्लाइड फिल्म नको. आणि शंका असेल तिथे जास्तीच्या बाजूला चुकावं.

नाशिकच्या उन्हासाठी २०० किंवा ४०० आयएसओचा रोल ठीक (आयएसओ जितका जास्त, तितका फिल्मला उजेड कमी पुरतो). ४०० च्या रोलला एप्रिलच्या दुपारी एफ/१६ आणि १/५०० सेकंद लागतं, जे अशा कॅमेऱ्यांच्या वेगाचं शेवटचं टोक आहे. ८०० चा रोल पावसाळ्यासाठी आणि घरातल्या कार्यांसाठी ठेवा. एफ/११ आणि १/१२५ वर अडकलेल्या प्लास्टिक कॅमेऱ्यात ४०० चाच रोल घ्यावा. भर उन्हात उजेड अडीच-पावणेतीन स्टॉप जास्त पडतो, तो निगेटिव्ह सोसते, आणि ढगाळ दिवशी माप बरोबर बसतं. सावलीच्या बोळात किंवा खोलीत त्या कॅमेऱ्याला फारसं काही दिसणार नाही.

रोल कितीचा आहे हे कॅमेऱ्याला कसं कळतं? कॅसेटवर चंदेरी आणि काळ्या चौकटींची नक्षी असते, तिला डीएक्स कोड म्हणतात. कॅमेऱ्याच्या आतले टोकदार संपर्क ती वाचतात. घरी भरलेल्या किंवा पुन्हा गुंडाळून विकल्या जाणाऱ्या कॅसेटवर ही नक्षी नसली, तर बरेच कॅमेरे १०० धरतात. आत ४०० ची फिल्म असेल तर दोन स्टॉप जास्त उजेड जाईल, म्हणजे एकवेळ चालेल. आत ५० ची असेल तर कमी पडेल. आणखी एक सावधगिरी: पुन्हा गुंडाळलेली फिल्म सिनेमाची असू शकते. जुन्या प्रकारच्या सिने-फिल्मच्या पाठीवर रेमजेट नावाचा काळा थर असतो. तो काढल्याशिवाय नेहमीच्या रंगीत यंत्रात गेला तर यंत्रातलं रसायन खराब होतं आणि दुसऱ्यांचे रोलही डागाळतात. रोल देताना दुकानदाराला हे सांगणं आपलं कर्तव्य आहे.

फ्लॅश

उजेड कमी झाला की ऑटो मोडमध्ये फ्लॅश स्वतःहून पडतो. तो इतका लहान असतो की १०० आयएसओला त्याचा गाइड नंबर साधारण ७ ते १० मीटर. ४०० ला तो दुप्पट होतो. गाइड नंबरला अॅपर्चरच्या आकड्याने भागलं की फ्लॅश पोचेल ते अंतर मिळतं: १४ ला २.८ ने भागलं की पाच मीटर. त्यापलीकडे उजेड पोचत नाही. गोदाकाठची आरती दूरवरून घेताना पडलेला फ्लॅश पुढच्या माणसाची पाठ पांढरी करतो आणि मागच्या दिव्यांना अंधारात ढकलतो. तिथे फ्लॅश बंद हवा. जीआर१ ला फ्लॅशचा वेगळा खटका आहे, एकदा बंद केला की बंदच राहतो. म्यू-२ मध्ये लेन्सचं झाकण लावून उघडलं की फ्लॅश पुन्हा ऑटोवर येतो, म्हणून दरवेळी बंद करायची सवय लावावी लागते.

फ्लॅश बंद केला की शटर रेंगाळतं. २८ एमएमसाठी हात स्थिर राहण्याची मर्यादा १/३० सेकंद. त्याखाली कॅमेरा कशावर तरी टेकवा. पांडवलेण्यांत ट्रायपॉडसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, पण सपाट कॅमेरा खांबाच्या पायथ्याशी किंवा ओट्यावर ठेवून सेल्फ-टायमर लावला की एक-दोन सेकंदांचाही फोटो स्वच्छ येतो. अठराव्या लेण्यातल्या चैत्यगृहासाठी हीच युक्ती. बटण बोटाने दाबलं तर कॅमेरा हलतो, टायमरने हलत नाही.

याउलट भर दुपारी फ्लॅश मुद्दाम चालू करावा. टोपीखालचा किंवा पदराखालचा चेहरा दोन मीटरवर असेल तर त्यावरची काळी सावली भरून निघते.

रामकुंडावर दशक्रिया आणि अस्थिविसर्जनाचे विधी चालू असतात, लोक स्नान करत असतात. दोन मीटरच्या लेन्सने फोटो काढायचा म्हणजे त्यांच्या दुःखात जाऊन उभं राहायचं. तिथे कॅमेरा खिशात ठेवावा. बाकी ठिकाणी आधी नजर भेटवावी, विचारावं. या अंतरावर लपून फोटो निघत नाही, आणि निघू नये.

रोल भरणं आणि जुना कॅमेरा घेणं

रोल सावलीत भरा. फिल्मचं टोक कॅमेऱ्यातल्या खुणेपर्यंतच ओढा. जास्त ओढलं तर घडी पडते, कमी ओढलं तर दाते पकडत नाहीत. झाकण लावल्यावर आकडा १ यायला हवा. शून्य किंवा ई लुकलुकत असेल तर फिल्म अडकलेली नाही, उघडून पुन्हा लावा. जीआर१ आणि फुजीचे बरेच कॅमेरे आधी सगळी फिल्म बाहेर गुंडाळून घेतात आणि प्रत्येक फोटोनंतर एकेक फ्रेम कॅसेटमध्ये परत ओढतात. त्यांचा आकडा उलटा चालतो. चुकून झाकण उघडलं तर काढलेले फोटो कॅसेटमध्ये सुरक्षित राहतात, न काढलेली फिल्म जाते. इतरांत नेमकं उलट.

वापरलेला कॅमेरा घेताना नवा सेल बरोबर न्या: जीआर१ ला सीआर२, म्यू-२ ला सीआर१२३ए, दोन्ही तीन व्होल्टचे. त्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे रिचार्जेबल सेल घालू नका, सर्किट जळू शकतं. झाकण उघडं ठेवून, उजेडाकडे रोखून शटर दाबा आणि मागून बघा, शटरची पाती उघडताना दिसली पाहिजेत. टॉर्च लावून लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे शोधा, ती बुरशी. झाकणाच्या कडेचा फोम बोटाला काळा चिकटत असेल तर उजेड आत शिरेल, पण तो बदलणं सोपं आहे. जीआर१ चा वरचा छोटा एलसीडी पडदा जुना झाला की त्यावरचे आकडे अर्धवट उमटतात. कॅमेरा तरीही चालतो, मात्र कंपनीकडून दुरुस्ती मिळत नाही, हे किंमत ठरवताना लक्षात घ्या.

जून ते सप्टेंबर कॅमेरा हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. कपाटातली चामड्याची पिशवी ओल धरते आणि बुरशीला पोसते. मे महिन्यात बंद गाडीत रोल ठेवू नये. फ्रिजमधला रोल काढल्यावर डबी न उघडता दोन तास बाहेर राहू द्या, नाहीतर फिल्मवर दव धरतं. रंगपंचमीच्या रहाडीजवळ (रंगाच्या पाण्याने भरलेल्या हौदाजवळ) मात्र यातला कोणताच कॅमेरा नेऊ नका. म्यू-२ शिंतोडे सोसतो असं म्हणतात, पण त्याचे रबर आता पंचवीस वर्षांहून जुने आहेत. तिथे पाण्यात चालणारा एकदाच वापरायचा कॅमेरा न्यावा.

पहिला रोल चाचणीचा समजा आणि प्रत्येक फोटोचं अंतर, ऊन-सावली आणि फ्लॅश वहीत लिहा. रोल धुऊन आल्यावर स्कॅनवर विसंबू नका, कारण स्कॅन करणारं यंत्र कमी-जास्त उजेड झाकून टाकतं. निगेटिव्ह परत मागा आणि खिडकीशी धरून बघा. फ्रेम फिकी आणि सावल्यांत काहीच नाही, तर उजेड कमी पडला. फ्रेम फार गडद, तर जास्त झाला. संपूर्ण रोल कोरा पण काठावरचे आकडे आणि फिल्मचं नाव स्पष्ट, तर धुण्यात चूक नाही. एकतर फिल्म पुढे सरकलीच नाही, नाहीतर शटर उघडलं नाही. काठावरची अक्षरंही गायब असतील तर दोष धुण्यात आहे, कॅमेऱ्यात नाही.